पाय दुखतोय, चालणं बंद करू की चालू ठेवू?

पायवाट
महिना होऊन गेला, पाय दुखतोय. गोळी घेतली की बरं वाटतं, अंमल उतरला की पुन्हा तेच. रोज फिरायला जाते, ते सोडायचं नाहीये. नवे मऊ बूटही घेतले. एक जण म्हणतो आराम कर, दुसरा म्हणतो चालत राहा. कुणाचं ऐकू? लवकर सांगा, उद्या पुन्हा दिवसभर उभं राहायचंय.

रानवारा
बूट काढा आणि गवतावर अनवाणी चाला. माझी टाचदुखी त्यानेच गेली. बुटांमुळे तळपायाचे स्नायू कमजोर होतात.

मीरा२
टाच दुखते असं त्यांनी लिहिलंय कुठे? पायवाट, नेमकं कुठे दुखतं? टाच, चवडा, घोटा? सकाळी जास्त की संध्याकाळी?

पायवाट
टाचच हो. उजवी, खालून, आतल्या बाजूला. सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकवत नाहीत. मग जरा मोकळी होते, संध्याकाळी परत ठणकते.

वामनदा
हाड वाढलंय. एक्स-रे काढा, ऑपरेशन करून टाका. माझ्या मेव्हण्याने केलं.

फिजिओ_स्नेहल
वामनदा, थांबा. तसं वाढलेलं हाड काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या एक्स-रेतही दिसतं. ही लक्षणं प्लांटर फॅसायटिससारखी वाटतात, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा जाड पट्टा दुखावलेला असतो. बहुतेकांचा त्रास ऑपरेशनशिवाय जातो, पण काही महिने लागतात.

पायवाट, पलंगावरून उतरण्याआधी पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून 10 सेकंद धरा, असं 10 वेळा. दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला, अशी पोटरी 30 सेकंद ताणा. पोटरी आखडलेली असली की त्या पट्ट्यावर ओढ येते. चालणं बंद नको, कमी करा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलं तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा.

उत्तरा
एवढं कशाला? सोसवेल तितक्या गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवा.

फिजिओ_स्नेहल
त्याआधी एक विचारते. पायवाट, शुगर आहे का? मुंग्या, बधिरपणा?

पायवाट
शुगर आहे, बरीच वर्षं. गोळ्या चालू आहेत. तिचा टाचेशी काय संबंध? बोटं कधीकधी बधिर वाटतात, बूट घट्ट असतील म्हणून.

फिजिओ_स्नेहल
संबंध मोठा आहे, ताई. बरीच वर्षं शुगर असली की तिच्यामुळेही पाय बधिर होऊ शकतात. बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही, भाजतं. गरम पाणी नको, अनवाणी चालणं नको, घरातसुद्धा नको. दुखण्याच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. या आठवड्यातच पाय दाखवा. 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते बघतात, नाड्याही तपासतात. जखम, फोड, लाली, सूज किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर त्याच दिवशी जा.

रानवारा
शुगर असेल तर माझा सल्ला मागे. नसेल त्यांनी मात्र अनवाणी चालून बघाच.

मीरा२
टाच दुखत असताना नाही, रानवारा. कडक फरशीवर अनवाणी उभं राहून माझी वाढली होती.

कुंदा
माझ्या करंगळीला कुरूप झालंय. औषधी पट्टी लावू का?

फिजिओ_स्नेहल
शुगर असेल तर अजिबात नको, तिच्यातल्या आम्लाने चांगली कातडीही सोलते. वेगळा धागा काढा ना, इथे पायवाटचं राहून जाईल.

पायवाट
दोन दिवसांनी डॉक्टरांची वेळ मिळाली. तोवर उभं राहणं टळणार नाही. बूट बदलू का?

मीरा२
नवा बूट दोन्ही हातांनी दुमडून बघा. बोटांपाशी वाकला तर ठीक, मधोमध दुमडला तर टाचेला आधार नाही. मऊ आहे म्हणून चांगला असं नसतं. नवे घेतलेत तर संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, आणि सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. तुमचा कुठे दुमडतो?