सूज पायाला आणि मसाज काखेत, हे काय गौडबंगाल?

निशिगंधा:
आईचं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, ओटीपोटातल्या लसिकेच्या (लिम्फच्या) गाठी काढल्या, नंतर शेकही (रेडिएशन) दिला. आता डावा पाय सुजतो, संध्याकाळी पोटरीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. फिजिओ आधी मान, मग काख, कूस आणि सगळ्यात शेवटी पाय असा मसाज सांगतात. आईला तर हसूच आलं. नक्की का असं?

फिजिओताई:
अगं हसण्यासारखं नाहीये ते. पायाची लसिका, म्हणजे कातडीखालचं प्रोटीनवालं पाणी, जांघेतून ओटीपोटात चढते, तुमच्याकडे गाठी काढल्याने तोच रस्ता बंद झालाय. बेंबीच्या पातळीला एक बांध आहे समज, खालच्या कातडीचं पाणी जांघेकडे, वरचं काखेकडे. पण चारी तुंबली की पाणी बांध ओलांडून शेजारच्या वावरात जातंच ना, तसं कातडीतल्या बारीक वाहिन्यांतून कुशीवरून त्याच बाजूच्या काखेकडे जाऊ शकतं, म्हणून आधी वरचं रिकामं करायचं. ओटीपोटावरून दुसऱ्या जांघेत जायचा रस्ताही असतो, पण या ऑपरेशनात सहसा दोन्हीकडच्या गाठी काढतात, त्यामुळे त्याच्यावर फार भरवसा नको. हात एकदम हलका, कातडी सरकेल एवढाच. आणि नंतर दाबाची पट्टी बांधायचीच, नुसत्या मसाजने पाय उतरत नाही.

मावशी_पुणे:
माझी लसिकेचे रस्ते दाखवणारी हिरव्या डायची तपासणी झाली, आयसीजी (इंडोसायनिन ग्रीन) म्हणतात. बोटांच्या बेचक्यात इंजेक्शन, काय झोंबतं म्हणून सांगू!! मग अंधार करून कॅमेरा फिरवला. स्क्रीनवर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पांढऱ्या रेघा आणि मांडीवर नुसता धूर, म्हणजे तिथे पाणी उलटं कातडीत पसरलेलं. पण एक रेघ चक्क ओटीपोट ओलांडून पलीकडे गेली होती, म्हणून मला तिकडे वळवायला सांगितलं. प्रत्येकाचा रस्ता वेगळा असतो बाई. फक्त कॅमेऱ्याला कातडीखालचे एक-दोन सेंटीमीटरच दिसतात, खोलचं नाही कळत. आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

दादा४२:
तेल लावून रगडणाऱ्या बायका नकोत, आमच्याकडे त्यानेच वाढलं. लघवीच्या गोळ्याही मनाने नको, पाणी जातं पण प्रोटीन तिथेच राहतं. पाय लाल, गरम, ताप आला तर मसाज बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

निशिगंधा:
थँक्यू सगळ्यांना. आज कुशीवरून केलं, आई म्हणते गुदगुल्या होतात 😄 आयसीजीचं सोमवारी विचारते.