दोन्ही बाजूंनी छपाई लावली तरी कागदाचा आकडा हलत नाही. मदत हवी आहे

कागदकोंडी
घाईत लिहितोय, सोमवारी साहेबांना उत्तर द्यायचंय. ऑफिसातला कागद कमी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तीन महिन्यांपूर्वी सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर दोन्ही बाजूंनी छपाईचं सेटिंग लावून दिलं. भिंतीवर पाट्या झाल्या, मेलखाली 'गरज असेल तरच प्रिंट काढा' ही ओळही टाकून झाली. आकडा आहे तिथेच. गेल्या महिन्यात तर चिमूटभर वाढलाय. काय चुकतंय? 'पेपरलेस व्हा' एवढं मात्र सांगू नका, प्लीज.

निवांत
कसला आकडा? माणसं किती, मशीन किती, छापता काय?

शाईसम्राट
टोनर-सेव्ह मोड लावा आणि फॉन्ट बारीक रेषेचा घ्या. ठळक अक्षरं बंद. आमचं कार्ट्रिज आता कितीतरी जास्त टिकतं.

कागदकोंडी
@शाईसम्राट, शाई नाही हो, कागद! @निवांत, 42 माणसं, एकच मोठं मशीन, सगळे त्याच्यावरच. छापतात ते नेहमीचंच.

खडूस खजिनदार
एवढा काथ्याकूट कशाला? पाठकोरे कागद वापरा. ट्रे नंबर 2 मध्ये फक्त पाठकोरे, अंतर्गत कामाचं सगळं त्यावर. 9 वर्षं हेच करतोय, एक दमडी खर्च नाही.

टोनरवाला
कृपा करून मोठ्या मशीनमध्ये पाठकोरे घालू नका. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी, ती उष्णतेने वितळवून कागदावर बसवलेली असते. तोच कागद पुन्हा आत गेला की जुनी छपाई मऊ होते आणि रोलरला चिकटू लागते. एकदा गरम होऊन आलेला कागद वाकलेला असतो, तो कोऱ्यापेक्षा जास्त अडकतो. आणि त्यात एखादी स्टेपलची पिन राहिली असली तर मग बघायलाच नको.

खडूस खजिनदार
9 वर्षांत दोनदा अडकला असेल. सर्व्हिसवाल्यांना पोट आहे, त्यांनी असंच बोलायचं.

टोनरवाला
मला पोट आहे, म्हणूनच किती रोलर बदललेत ते माहीत आहे. पाठकोऱ्यांचे कच्चे पॅड बांधा, हाताने लिहायला. त्याला कोण नाही म्हणतंय?

अडकित्ता
आमच्याकडे पाठकोऱ्यांवर सहलीची सूचना छापून वाटली होती. मागच्या बाजूला पगारवाढीची यादी, नावांसकट. सहल रद्द झाली. त्यानंतर पाठकोरेही.

निवांत
मूळ प्रश्न तसाच राहिलाय. आकडा येतो कुठून?

कागदकोंडी
मशीनच्या मीटरवरून, अजून कुठून येणार? महिन्याच्या शेवटी सर्व्हिसवाला लिहून नेतो तोच. या वेळी 15,600.

टोनरवाला
हे पहिल्याच ओळीत लिहायचं की हो! मीटर कागद मोजत नाही, छापलेल्या बाजू मोजतो. एका कागदाच्या दोन बाजू छापल्या की मीटर दोनने पुढे. उद्या अख्खं ऑफिस दोन्ही बाजूंनी छापायला लागलं तरी तो आकडा तसूभर हलणार नाही. बिल मीटरवर असेल तर तेही नाही. कागद किती लागला ते स्टोअरच्या रजिस्टरमध्ये बघा.

कागदकोंडी
अरे देवा. तीन महिने चुकीच्या आकड्याकडे बघून लोकांना बोलतोय. रजिस्टर काढलं: आधी महिन्याला 31 रिम, गेल्या महिन्यात 27. म्हणजे कमी झालाय! पण चारच? निम्म्यावर यायला हवा होता ना?

टोनरवाला
27 रिम म्हणजे 13,500 कागद, मीटर 15,600. वजाबाकी करा, 2,100. म्हणजे तेवढ्याच कागदांची मागची बाजू छापली गेली. बाकीचे 11,400 एका बाजूनेच बाहेर आले.

निवांत
एका पानाचं पत्र दोन्ही बाजूंनी छापून वाचणार काय? तुमच्याकडे बहुतेक एकेका पानाचीच कामं असतील, नाहीतर सेटिंग कुठेतरी डावललं जातंय. म्हणून विचारत होतो, छापता काय. संध्याकाळी सगळे गेले की ट्रेपाशी उभे राहा आणि न नेलेले कागद मोजा.

बोरू
अवांतर: ए-झीरो कागदाचं क्षेत्रफळ बरोबर 1 चौरस मीटर, त्यातून 16 ए-फोर निघतात. म्हणून 80 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम) ए-फोर 5 ग्रॅमचा आणि 500 कागदांची रिम अडीच किलोची. लांबी-रुंदीचं गुणोत्तर दोनाचं वर्गमूळ, त्यामुळे मधोमध कापला तरी आकार तोच राहतो. जर्मनीत 1922 साली हे प्रमाण ठरलं.

खडूस खजिनदार
याने कागद कमी कसा होणार?

बोरू
होतो की. दोन ए-फोर पानं थोडी लहान करून एका ए-फोरवर शेजारी-शेजारी बसतात आणि कडेला जागा वाया जात नाही, ती याच गुणोत्तरामुळे. 'एका कागदावर दोन पानं' हा पर्याय प्रिंटच्या खिडकीत असतो. अंतर्गत मसुद्यांना पुरतो.

कागदकोंडी
काल सव्वासातला ट्रेपाशी उभा होतो. न नेलेले 58 कागद. त्यातल्या 11 वर फक्त लॉगिनचं नाव, तारीख आणि वेळ. 17 वर वरच्या कोपऱ्यात 'शेरा' एवढा एक शब्द, खाली रिकाम्या चौकटी, बाकी कोरं. तो मासिक एक्सेल तक्त्याचा शेवटचा रकाना, पानात मावत नाही म्हणून वेगळ्या कागदावर जातो. शेऱ्यात कोणी कधी काही लिहिलेलं मला आठवत नाही. आणि हे सगळे एकाच बाजूने छापलेले!

टोनरवाला
नावाचे 11 म्हणजे बॅनर पेज, प्रत्येक कामाआधी एक कागद. प्रिंट सर्व्हरवर नाहीतर ड्रायव्हरमध्ये चालू असेल, बंद करा. एक्सेलची गंमत अशी की फाइल प्रिंटरचं सेटिंग स्वतःच्या पोटात घेऊन फिरते, तेही प्रत्येक शीटचं वेगळं. तुमचा तक्ता जुन्या फाइलची कॉपी करकरून बनत असेल, तर त्यात 'एक बाजू' तशीच उतरत राहणार. तुम्ही कॉम्प्युटरवर काहीही लावा. मूळ फाइल उघडून प्रत्येक शीटला दोन बाजू, रुंदी 1 पान, उंची रिकामी, असं करून सेव्ह करा.

निवांत
आणि कार्ड किंवा पिन नंबर टाकल्यावरच छपाई सुटेल असं करा. मोठ्या मशीनमध्ये ही सोय बहुतेक असतेच. ज्याला कागद हवा तो उठून जाईल. जो उठत नाही त्याचं काम काही तासांनी आपोआप पुसलं जातं.

अडकित्ता
पिन विसरलेल्यांची रांग लागते हो मशीनपुढे. आमच्याकडे शेवटी पिन मशीनवरच चिकटवला.

शाईसम्राट
श्रेडरमधला चुरा रद्दीत चालतो का? आमच्याकडे चार पोती साठलीत.

टोनरवाला
चालतो, पण अखंड कागदाइतका भाव त्याला नाही. कापल्याने धागे आखूड होतात आणि बारीक तुकडे चाळणीतून गळून जातात. गोपनीय तेवढंच श्रेड करा. बाकी वेगळा धागा काढा की.

कागदकोंडी
बॅनर पेज सर्व्हरवर चालू होतं, आज बंद केलं. मूळ तक्ता ज्या बाईंकडे आहे त्या सुट्टीवर आहेत आणि फाइलला पासवर्ड आहे. त्यामुळे सोमवारी साहेबांपुढे 58 कागदांचा गठ्ठाच ठेवणार, वर 'शेरा'वाला.

खडूस खजिनदार
गठ्ठा नंतर टाकून देऊ नका. एका बाजूने आहेत ना? पॅड बांधा.