देवगांडूळ, मांडूळ, वाळा, खापरखवल्या: कोणता शब्द कशासाठी?

कुळागर: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका निसर्गवाटेवर मराठी फलक लावायचा आहे. त्यातल्या 'सिसिलियन' या गांडुळासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला कच्च्या मजकुरात एकदा 'मांडूळ' आणि एकदा 'बिनपायांचा सरपटणारा प्राणी' म्हटलंय. दोन्ही खटकतात. पावसाळ्यात पोफळीची आळी खणताना हाच प्राणी वर येतो आणि साप समजून मारला जातो, म्हणून नाव नेमकं हवं. काय लिहावं?

ओलीमाती: 'देवगांडूळ' लिहा. शब्द मराठीत रुळलेला आहे, नवा घडवायची गरज नाही. मांडूळ हा खवलेधारी साप. शेपूट बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. त्याची चोरटी विक्री होते, तेव्हा फलकावर ते नाव चुकून पडलं तर त्रास देवगांडुळालाही होईल.

देवगांडूळ उभयचर आहे, बेडकाचं नातलग. ओळखायला कातडी बघा: ओलसर, बुळबुळीत आणि अंगाभोवती बांगड्या चढवल्यासारख्या खाचा. मग भिंगातून तोंडाची बाजू. डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान बारीक छिद्रातून एक स्पर्शिका आतबाहेर होते. हा अवयव दुसऱ्या कुठल्याही उभयचराला नाही, सापालाही नाही. जबडा आणि दात असतात, आत पाठीचा कणा असतो. गांडुळाला यातलं काहीच नसतं; प्रौढ गांडुळावर मात्र जाडसर पट्टा दिसतो.

उचलावंच लागलं तर आधी हात साध्या पाण्याने ओले करा. ते कातडीतूनही श्वास घेतं. कोरड्या हाताने कातडीवरचा चिकट थर निघतो आणि सॅनिटायझर किंवा डासांचं मलम थेट आत शोषलं जातं. काम झालं की ओल्या मातीतच सोडा, वाहत्या पाटात नको. नंतर हात धुवा, कारण त्या चिकट स्रावाने डोळे चुरचुरू शकतात.

शब्दपारखी: एक शंका. गेगेनिओफिस वंशातल्या देवगांडुळांना पाण्यातली डिंभावस्था (अंड्यातून बाहेर पडल्यावरची अपक्व अवस्था) नसते, सगळं आयुष्य मातीत जातं. मग 'उभयचर' कसं म्हणायचं?

ओलीमाती: वर्ग पूर्वजांच्या नात्यावरून ठरतो, राहण्याच्या जागेवरून नाही. इक्थिओफिस वंशातली मादी पाण्याजवळच्या ओल्या मातीत अंडी घालून त्यांना वेटोळं घालून बसते, पिल्लं बाहेर पडली की पाण्यात जातात. गेगेनिओफिसमध्ये तो टप्पा गळाला, नातं तेच राहिलं. सरीसृपांच्या गर्भाभोवती उल्ब नावाचं पटल असतं, उभयचरांच्या नसतं. खरी सीमारेषा ही.

म्हणूनच 'सरपटणारा प्राणी' इथे नको. ते चालीचं वर्णन झालं. कुंभारजुवे कालव्यातली मगर पोट उचलून चालते तरी सरीसृप, आणि देवगांडूळ सरपटतं तरी उभयचर. वर्गाचं नाव द्यायचं तिथे 'सरीसृप' हाच शब्द वापरा, अनेकवचनही 'सरीसृप'च.

खवलेदार: वाळा आणि खापरखवल्या यांचीही नावं फलकावर घ्या, खरी गफलत तिथेच होते. वाळा म्हणजे कुंडीच्या मातीत सापडणारा, चकचकीत काळपट, दोऱ्यासारखा साप. साधारण वीतभर. अंगावर खाचा नाहीत, घट्ट बसवलेले गुळगुळीत खवले आहेत. डोळे खवल्याखाली दोन ठिपके. शेपटीच्या टोकाला बारीक काटा. तो टोचला की लोक डंख मारला म्हणतात, पण विष नसतं. या जातीत नर आढळतच नाहीत, माद्या नराशिवाय प्रजनन करतात. खापरखवल्या हाही साप; त्याची शेपूट तिरकी कापल्यासारखी खरखरीत, तिच्यावर माती चिकटून राहते. तोही बिनविषारी, आणि पिल्लांनाच जन्म देतो.

डोळ्यांवरून देवगांडूळ ओळखा असं मात्र लिहू नका. गेगेनिओफिसचे डोळे कवटीच्या हाडाखाली झाकलेले असतात, बाहेरून दिसत नाहीत. वाचणारा डोळे शोधत बसेल.

कुळागर: 'गोव्यात सापडणारं' असं लिहिलं तर चालेल ना? आणि लिंग कोणतं?

ओलीमाती: चालेल, पण त्याहून नेमकं लिहिता येतं. २००४ मध्ये बोंडल्यातून गेगेनिओफिस नाडकर्णी आणि २००७ मध्ये केरीतून गेगेनिओफिस गोएन्सिस या जातींचं शास्त्रीय वर्णन झालं. केरी सत्तरीतलीच, ते नाव ठळक द्या.

गांडुळाप्रमाणे देवगांडूळ नपुंसकलिंगी, मांडूळही तसंच. वाळा आणि खापरखवल्या पुल्लिंगी. सामान्यरूपात ऊ ऱ्हस्व होतो: देवगांडुळाला, मांडुळाची. कच्च्या मजकुरात 'देवगांडूळाचे' आहे, ते छपाईआधी सुधारा.

शब्दपारखी: मग पहिलं वाक्य असं करा: 'हा साप नाही. हे देवगांडूळ, बिनपायांचं उभयचर. ओल्या मातीत राहतं आणि माणसाला अपाय करत नाही. खणताना दिसलं तर शेजारच्या ओल्या मातीत सोडा.' वंशाची आणि जातीची नावं त्याखाली, लहान अक्षरांत.