ऑडिशनसाठी घरी इंट्रो व्हिडिओ: पट्ट्या, घुमणारा आवाज आणि मजकूर

कोरी_पाटी
नाटकातून मालिकांकडे वळायचंय. कास्टिंगवाल्यांचं पहिलंच उत्तर असतं, 'इंट्रो आणि प्रोफाइल पाठवा', म्हणजे कॅमेऱ्यासमोर स्वतःची ओळख आणि बाजूने दिसणारा चेहरा. सामान असं: 10 बाय 12 ची खोली, पूर्वेला एक खिडकी, छताला एलईडी ट्यूब, अँड्रॉइड फोन, साधा ट्रायपॉड. मागच्या भिंतीवर काळपट आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. शिवाय बोलायचं काय नि किती? जाणकारांनी सांगावं.

उजेडवाला
पट्ट्या ट्यूबमुळे येतायत. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. शटर (एका फ्रेमसाठी उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) 1/50 किंवा 1/100 सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. फोनने आपल्या मनाने 1/60 किंवा 1/120 धरलं की हिशेब चुकला, पट्टी सरकायला लागली. प्रो व्हिडिओ मोड (या गोष्टी हाताने ठरवू देणारा) असेल तर सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 400 च्या आत. नसेल तर ट्यूब बंदच करा, खिडकी पुरेशी आहे. रिंग लाइट घेणार असाल तर एक लक्षात ठेवा: स्वस्तातले बरेच दिवे मंद केले की वेगळ्याच वेगाने लुकलुकतात आणि मग 1/50 सुद्धा कामाला येत नाही. पूर्ण तेजावर ठेवा आणि उजेड जास्त वाटला तर दिवा मागे सरकवा.

पूर्वेची खिडकी म्हणजे सकाळी थेट ऊन. ते सरकल्यावर, अकराच्या पुढे शूट करा, नाहीतर खिडकीवर पांढरी सुती ओढणी लावा. खिडकी समोरून थोडी एका बाजूला येईल असं उभं राहा. चेहऱ्याची दुसरी बाजू काळी पडते, तिकडे थर्माकोलची शीट फ्रेमच्या अगदी कडेबाहेर धरा. सेटवरही हेच करतात, लाजू नका. भिंतीपासून किमान तीन फूट पुढे या, म्हणजे सावली मागे पडत नाही.

आणि फोकस-एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करा: स्क्रीनवर चेहरा दिसतो तिथे बोट दाबून धरायचं. हे राहिलं की प्रोफाइलसाठी मान वळवताच फोनला चेहऱ्याऐवजी काळे केस दिसतात, तो उजेड वाढवतो आणि गाल पांढराफटक होतो. व्हाइट बॅलन्सही (रंगांचा तोल) लॉक होत असेल तर उत्तम.

तिसरी_घंटा
वरच्याला +१. आता फ्रेम आणि मजकूर.

फोन आडवा, मागचा कॅमेरा, लेन्स डोळ्यांच्या उंचीला. दोन फुटांवरून काढलं तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. पाच फूट लांब ठेवून 2x (दुप्पट झूम) लावा. छातीपासून वर, डोक्यावर चार बोटं जागा. सेल्फी कॅमेराच वापरावा लागला तर स्क्रीनवर कागद चिकटवा, नाहीतर नजर स्वतःच्या चेहऱ्याकडे जाते, लेन्सकडे नाही.

क्रम: नाव, वय, उंची, मूळ गाव, सध्या कुठे राहता, भाषा, केलेली दोन-तीन कामं, येणाऱ्या गोष्टी (घोडेस्वारी, लावणी, बुलेट चालवणं, जे खरंच येतं ते). सगळं मिळून 45 ते 60 सेकंद, म्हणजे साधारण शंभर शब्द. पाठ करून म्हणू नका, मुद्दे पाठ ठेवा. उंची खरी सांगा, सेटवर नायिकेशेजारी उभं केलं की ती कळतेच.

मग डावं प्रोफाइल, उजवं प्रोफाइल: पूर्ण 90 अंश, प्रत्येकी तीन सेकंद स्थिर, केस कानामागे. दोन्ही हात पुढून-मागून. शेवटी दात दिसतील असं हसू. पूर्ण उंचीच्या शॉटला खोली अपुरी पडेल, तर ट्रायपॉड दाराबाहेर पॅसेजमध्ये न्या. कॅमेरा वरून खाली फिरवू नका. पायापर्यंत एकाच स्थिर फ्रेममध्ये दिसायला हवं.

कपडे एकरंगी. बारीक चौकडी आणि रेघा स्क्रीनवर थरथरतात, पांढरा शर्ट चेहरा काळवंडवतो. गडद मेकअप नको.

नाटकवाल्यांसाठी खास: शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय इथे नडते. इंट्रोत अभिनय बघत नाहीत, तुम्ही साधं बोलताना कसे दिसता ते बघतात. फोन पाच फुटांवर आहे ना, मग पाच फुटांवरच्या माणसाशी बोला.

डेसिबल
घुमण्याचं कारण रिकाम्या भिंती आणि फरशी. कॅमेऱ्यामागे, म्हणजे तुमच्या तोंडासमोरच्या भिंतीला गादी उभी करा, पायाखाली सतरंजी, बाजूला दोरीवर दोन गोधड्या. फरक लगेच ऐकू येईल. पंखा, फ्रिज बंद. फोन एअरप्लेन मोडवर.

तरी पाच फुटांवरून फोनचा माइक खोलीच जास्त ऐकतो. कॉलरचा वायरवाला माइक लावा, हनुवटीपासून एक वीतभर खाली, कापडाला घासणार नाही असा. काही फोनचा कॅमेरा बाहेरचा माइक घेतच नाही, आधी दहा सेकंद टेस्ट करा. नसेलच घेत तर दुसऱ्या फोनवर आवाज रेकॉर्ड करून तो फ्रेमखाली जवळ ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर एडिट करताना व्हिडिओतल्या टाळीवर या आवाजातली टाळी जुळवा.

कोरी_पाटी
धन्यवाद मंडळी! ब्लूटूथ इयरबड्स चालतील का? मराठी की हिंदी? आणि फोन नंबर व्हिडिओत बोलायचा?

डेसिबल
इयरबड्स नको. ब्लूटूथचा माइक चालू झाला की आवाज फोन कॉलच्या दर्जाचा होतो. शिवाय कानात काहीतरी दिसतं.

तिसरी_घंटा
दोन्ही भाषांत, दोन वेगळ्या फाइल. एकाच व्हिडिओत मिसळलं तर हिंदीवाला पहिल्या वीस सेकंदांत तो सोडून पुढच्या व्हिडिओकडे जातो. नंबर मेसेजमध्ये लिहा. व्हिडिओ दहा ग्रुपांवर फिरतो. आणि नुसत्या 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागणाऱ्याला काहीच पाठवू नका.

उजेडवाला
पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, गॅलरीतून टाकलं तर व्हिडिओ दाबला जातो. 1080 रिझोल्यूशनला मिनिटाची फाइल साधारण 75 ते 130 एमबी होते, मर्यादेत बसते. ड्राइव्हची लिंक देत असाल तर 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी परवानगी दिलीय का, ते दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. अर्ध्या लिंका 'अ‍ॅक्सेस मागा' म्हणतात आणि कास्टिंगचा कोऑर्डिनेटर मागत बसत नाही. एचडीआर (उजेड-रंगांचा जास्त पल्ला टिपणारा) व्हिडिओ सेटिंगमध्ये बंद ठेवा, दुसऱ्या फोनवर रंग फिके किंवा भडक दिसतात. फाइलच्या नावात नाव, वय, उंची आणि महिना-वर्ष.