कॉस्टिक लाय ४८ टक्के, ९ किलो पाहिजे तर किती लिटर? माझं कुठं चुकलं सांगा

विंचवाला_पोरगा
नमस्कार मंडळी, बीएस्सी केमिस्ट्री करून सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल रंगवायच्या एका डाइंगमध्ये लागलोय, दोन महिने झाले. विंचला, म्हणजे माल फिरवत धुवायच्या-रंगवायच्या मशीनला, ३०० किलो माल, ३००० लिटर पाणी. स्कावरिंगच्या, म्हणजे रंगाआधीच्या धुलाईच्या, कार्डवर कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) ३ जीपीएल लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ३ ग्रॅम, म्हणजे ९ किलो कोरडे फ्लेक्स, इथपर्यंत सगळं सरळ. परवा फ्लेक्स संपले आणि मालकांनी लायचे, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कॉस्टिकचे, कॅन आणले, वर ४८ टक्के लिहिलेलं. मी हिशोब केला, १०० ला ४८ तर ९ किलोला किती, ९ भागिले ०.४८ म्हणजे १८.७५, आणि मापाच्या बादलीनं पावणेएकोणीस लिटर ओतली. नंतर माल धुवून धुवून निसरडेपणा जाईना, दोन पाणी जास्त गेली, आणि रंगाला घेतला तर शेड पॅची. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, डिग्री कुठनं आणली बे, चाटी गल्लीच्या कापडबाजारातनं का. मोलॅरिटी नॉर्मॅलिटी सगळं पाठ आहे माझं पण चूक अजून कळंना. आणि आधीचं एक सांगूनच टाकतो, पहिल्या आठवड्यात २ टक्के शेड म्हटल्यावर मी ३००० लिटरचे २ टक्के काढून ६० किलो रंग मागितला होता, स्टोअरवाला अजून हसतोय.

ब्युरेट
अरे हिशोब बरोबर आहे तुझा, एकक चुकलं. कॅनवरचे ४८ टक्के वजनाचे आहेत, १०० किलो लायमध्ये ४८ किलो कॉस्टिक. म्हणजे तुझे १८.७५ आले ते किलो, लिटर नव्हे. ही लाय पाण्याच्या दीडपट जड असते, कॅन उचलताना खांद्याला कळलं असेल. १८.७५ ला १.५ ने भाग, साडेबारा लिटर. तू पावणेएकोणीस लिटर ओतलीस म्हणजे २८ किलो लाय, त्यात साडेतेरा किलो कॉस्टिक, बाथ, म्हणजे विंचमधलं पाणी, झाला साडेचार जीपीएलचा. दीडपट! बरोबर घनतेएवढीच चूक.

मी कॉलेजच्या लॅबमध्ये आहे, दरवर्षी बॅचमधली निम्मी पोरं इथंच अडकतात, कारण टक्का म्हटलं की कशाचा टक्का हे कुणी विचारतच नाही. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के असतं ते १०० मिलीत ०.९ ग्रॅम मीठ. सॅनिटायझरवर ७० टक्के असतं ते बहुतेक वेळा १०० मिलीत ७० मिली अल्कोहोल. आणि लाय, अ‍ॅसिड वगैरेंच्या कॅनवर वजनाला वजन. चिन्ह एकच, अर्थ तीन. म्हणून घनता धरल्याशिवाय मोलॅरिटीकडं जाताच येत नाही, हायड्रोक्लोरिकची ३७ टक्केवाली बाटली घे, घनता १.१९, लिटरचं वजन ११९० ग्रॅम, त्याचे ३७ टक्के ४४०, भागिले ३६.५, आले १२ मोलर. तुझी लाय तशीच, लिटरला ७२० ग्रॅम, भागिले ४०, १८ मोलर.

ट्वाडल_काका
मालक, ताईंनी पुस्तकातलं सांगितलं, मी मिलमधलं सांगतो. आमच्या वेळी कॅनवर काय लिहिलंय ते कोण बघत नव्हतं, काचेचा हायड्रोमीटर सोडायचा आणि ट्वाडल, म्हणजे घनतेचे अंश, वाचायचं. आकडा २०० ने भागून १ मिळवा, आली घनता. १०० ट्वाडल म्हणजे दीड, लिटरला दीड किलो. तुमची लाय साधारण तेवढीच भरेल. पण कॅन उघडा राहिला, कुणी पाणी घातलं, तर आकडा खाली येतो आणि लेबल ४८ च म्हणत बसतं. कुणी बोमेचा, म्हणजे घनतेच्या दुसऱ्या मापाचा, हायड्रोमीटर दिला तर तो आकडा टक्का समजू नका, लायला तो टक्क्याच्या जवळ जातो म्हणून फसायला होतं, २० बोमेचं हायड्रोक्लोरिक ३१-३२ टक्क्यांचं असतं.

आणि शेडचा टक्का पाण्यावर नसतो ओ, मालावर असतो. ३०० किलो टॉवेल, २ टक्के शेड, ६ किलो रंग, पाणी कितीही घ्या. मीठ आणि सोडा मात्र जीपीएलमध्ये, ते पाण्यावर. एकाच कार्डवर दोन हिशोब असतात. पॅची का झालं तेपण सांगतो, मालात कॉस्टिक राहिलं असणार, रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला अल्कली आधीच भेटली की जिथं लागला तिथंच पकडतो, पसरत नाही. अ‍ॅसेटिक देऊन पीएच बघितल्याशिवाय रंग सोडायचा नाही.

शेंगाचटणी७
६० किलो रंग घातला असता तर टॉवेलनं तोंड पुसणारा माणूस घरात ओळखू आला नसता 😂

ब्युरेट
हसू नका, शिकतोय तो. बाथ तपासायला सोपी पद्धत सांगते. १० मिली बाथ गार करून घे, फिनॉल्फ्थॅलिन इंडिकेटरचे दोन थेंब, एन बाय टेन (०.१ नॉर्मल) हायड्रोक्लोरिकनं गुलाबी जाईपर्यंत टायट्रेट कर. ब्युरेटचा आकडा गुणिले ०.४ म्हणजे थेट जीपीएल. ३ जीपीएलला साडेसात मिली यायला पाहिजे. बाथमध्ये फक्त कॉस्टिक आणि माल भिजवायचं वेटिंग ऑइल असेल तरच हं, सोडा अ‍ॅश असेल तर तोही अ‍ॅसिड खातो. आणि माल सोडायच्या आधी नमुना घे.

विंचवाला_पोरगा
धन्यवाद ताई, काका. आज साडेबारा लिटर मोजून घातली, पाणी सत्तर डिग्रीला आल्यावर, माल सोडायच्या आधी नमुना घेतला. रीडिंग ७.० आलं, दोनदा केलं, दोन्ही वेळा ७.०. म्हणजे २.८ जीपीएल. आता हे ०.२ कुठं गेलं? मास्तरांना विचारायची हिंमत नाही.

ट्वाडल_काका
वाफ उघड्या पाइपनं पाण्यातच सोडता का?

विंचवाला_पोरगा
हो काका, खाली भोकं पाडलेला पाइप आहे.

ट्वाडल_काका
मग कुठं गेलं नाही, पाणी वाढलं. वाफ पाण्यात विरली की तिचं पाणीच होतं. ९ किलो भागिले २.८, बघा ३२०० लिटर भरतंय. ३००० लिटर तीस डिग्रीवरनं सत्तरला न्यायला दोनशे लिटरच्या आसपास वाफ लागतेच. उद्या खुणेच्या चार बोटं खाली पाणी भरा, आणि लाय पाण्यात सोडा, लायवर पाणी नको, चष्मा घालून.