मदत हवी आहे: अडीच महिने बंद राहिलेल्या प्रिंटरचा काळा रंग परत येईल का?

पडवीतली_शाळा

नमस्कार मंडळी,

मी कुडाळजवळच्या एका गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून घराच्या पडवीत मुलांचा शिष्यवृत्ती परीक्षेचा अभ्यास घेते. यंदा १४ मुलं आहेत. बहुतेकांचे आईवडील मजुरीला जातात, म्हणून फी घेत नाही आणि सरावाच्या प्रश्नपत्रिकाही मीच छापून देते. त्यासाठीच तीन वर्षांपूर्वी ऑल-इन-वन प्रिंटर घेतला. बाटलीने शाई भरायची, वर स्कॅनची काच, झेरॉक्सही निघते. आठवड्याला प्रत्येकी ४ पानं, म्हणजे ५६ पानं, आणि महिन्यातून एकदा पूर्ण सराव परीक्षा. तीन वर्षांत एकदाही अडला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले, ती गणपतीच्या चार दिवस आधी परत आले. घरी हे एकटेच होते. आमच्याकडे पावसात विजा सुरू झाल्या की सगळ्या वस्तू बोर्डावरून बंद करतात, तसा ह्यांनी प्रिंटरही बोर्डावरूनच बंद केला. त्याच्या आधी लाइटबिलाची झेरॉक्स काढताना मध्येच वीज गेली होती, असं त्यांना आठवतं.

परत आल्यावर पहिलं पान काढलं तर निळा, लाल, पिवळा ठीक, काळ्यात मात्र आडव्या पांढऱ्या रेघा. त्या रेघा नेमक्या शिरोरेषेवर येतात. शिरोरेषा गेली की घ आणि ध, भ आणि म यांतला फरक मुलांना कळत नाही. एका मुलीने "मात केली"चं "भात केली" वाचलं आणि अर्थ लागेना म्हणून रडवेली झाली. बुद्धिमत्ता चाचणीतल्या आकृत्यांचं तर विचारूच नका. आरशातली प्रतिमा ओळखायची आणि आकृतीचीच एक रेघ गायब, मग पोराने ओळखायचं काय?

संगणकावरून हेड क्लीनिंग, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग (हेड) मशीनकडूनच साफ करून घेणं, सहा वेळा केलं. काळ्या शाईची टाकी निम्म्यावर आली. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडता "हेड गेलं, नवीन बसवायला सहा-साडेसहा हजार" असं सांगितलं. मशीनच मी साडेतेरा हजारांना घेतलं होतं. वॉरंटी केव्हाच संपली.

हेड खरंच गेलं असेल का? घरी काही करून बघता येईल का? की हे सोडून लेझर घेऊ? मुलांचा सराव थांबलाय, म्हणून जरा घाई आहे.

निळाई

ताई, आधी क्लीनिंग थांबवा. प्रत्येक क्लीनिंगला शाई ओढून खालच्या स्पंजमध्ये टाकली जाते. तो स्पंज किती भरला याचा हिशेब मशीन ठेवतं, आणि भरला असं ठरलं की छपाईच बंद करतं. म्हणजे शाईही जाते आणि नवं काम उभं राहतं.

नोझल म्हणजे हेडची शाई सोडणारी बारीक छिद्रं. ती तपासायला प्रत्येक रंगाच्या रेघांची जाळी छापतात, ते नोझल चेकचं पान काढलंत का? काळ्याची जाळी कशी दिसते? दर वेळी त्याच रेघा गायब असतात की वेगवेगळ्या? शाई कुठली भरली होतीत?

पडवीतली_शाळा

शाई कायम कंपनीचीच, त्याच क्रमांकाची बाटली. नोझल चेकची सगळी पानं तारखेसकट ठेवली आहेत, जुनी सवय. पहिल्या पानावर काळ्याच्या जाळीत सात-आठ रेघा तुटक होत्या. दुसऱ्या क्लीनिंगनंतर त्यातल्या काही आल्या, पण दुसऱ्याच गेल्या. चौथ्यानंतर अर्धी जाळी कोरी आणि सहाव्यानंतर जेमतेम तीन रेघा.

रंकाळ्याकाठी

ताई, मी कोल्हापुरात प्रिंटर दुरुस्तीचंच काम करतो. तुम्ही पानं जपून ठेवलीत हे फार बरं केलंत, अर्धं निदान त्यातच आहे. नोझल सुकून बुजलं असेल तर दर वेळी तीच रेघ गायब असते. तुमच्याकडे जागा बदलतायत आणि क्लीनिंग केल्यावर प्रकरण वाढतंय. हे हवा शिरल्याचं लक्षण आहे. हेड गेलं असं इतक्यात म्हणू नका.

आत काय होतं ते सांगतो. छपाई संपली की हेड उजव्या टोकाला जाऊन रबरी काठाच्या एका छोट्या वाटीवर बसतं. आम्ही तिला कॅप म्हणतो. कॅपने हेडचं तोंड झाकलं जातं म्हणून शाई सुकत नाही. क्लीनिंगच्या वेळी त्याच कॅपखालचा पंप हेडमधून शाई खाली ओढतो. आता तुमचं मशीन छपाई चालू असताना बंद पडलं. हेड मध्येच उघडं राहिलं असणार. वीज आल्यावर ते जागेवर गेलं, पण नंतर अडीच महिने काठावरची शाई वाळून खडा झाली. काठावर खडा असला की झाकण घट्ट बसत नाही, आणि पंप शाईऐवजी फटीतून हवा ओढतो. म्हणून जितकं क्लीनिंग तितकी जाळी कोरी.

काळ्याचंच का झालं, तर बऱ्याच मशीनमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि बाकीचे रंग डायचे, म्हणजे पाण्यात विरघळलेले. पिगमेंट म्हणजे पाण्यात तरंगणारे रंगाचे बारीक कण. पाणी लागलं तरी अक्षर फुटत नाही हा त्याचा गुण, पण वाळल्यावर ती डायपेक्षा चिवट बसते.

करायचं असं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, गॅरेजमध्ये मिळतं. नळाचं किंवा विहिरीचं नको, क्षार बसतात. थिनर, ॲसिटोन तर अजिबात नको, रबर खराब होईल. झेरॉक्सचं बटण दाबा, हेड डावीकडे सरकलं की बोर्डावरून बंद करून वायर काढा. एरवी हे कधीच करायचं नाही, इथे एकदाच. मग झाकण उचलून हेड हलक्या हाताने आणखी डावीकडे सारा. हेडच्या मागे आडवी ताणलेली पारदर्शक पट्टी दिसेल, तिला बोटही लावू नका. तिच्यावरूनच हेडला आपण कुठे आहोत ते कळतं.

उजव्या कोपऱ्यात कॅप दिसेल. लहान मुलांच्या औषधाच्या ड्रॉपरने पाच-सहा थेंब टाका, दहा मिनिटं थांबा, चष्मा पुसायच्या कापडाच्या टोकाने काठ पुसा. कापसाची काडी नको, तंतू सुटतात. रबर चारी बाजूंनी मऊ आणि स्वच्छ दिसेपर्यंत तीन-चार वेळा करा. शेवटी पुन्हा चार थेंब कॅपमध्ये राहू द्या, झाकण लावा, वायर जोडा, मशीन चालू करा. हेड जागेवर गेलं की मशीनच्याच बटणाने बंद करा आणि बारा तास हात लावू नका. नंतर एक नोझल चेक, एकच क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. काय येतं ते इथे लिहा.

गोदाकाठचा_वाचक

मी लेझरवर गेलो. उन्हाळ्यात नाशिकची हवा कोरडी, आमचा इंकजेट (शाईचा प्रिंटर) दर मे महिन्यात बुजायचा. लेझरमध्ये कोरडी पावडर असते, चार महिने बंद ठेवा, पहिलं पान स्वच्छ. नुसता काळा मजकूर असेल तर ताईंनी विचार करायला हरकत नाही.

रंकाळ्याकाठी

काका, नाशकात ठीक. पण लेझरमध्ये पावडर कागदावर वितळवून बसवावी लागते, त्यासाठी आतला रोलर तापतो. छपाईच्या वेळी कित्येकशे वॅट लागतात. ताईंच्यासारखा बाटलीने शाई भरायचा घरचा इंकटँक पंधरा वॅटच्या आसपास चालतो. कोकणात पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाते, तिथे छोट्या इन्व्हर्टरवर इंकटँक निवांत चालेल, लेझर नाही.

निळाई

ताई, सराव थांबला म्हणालात म्हणून तात्पुरता उपाय. फाइलमधल्या अक्षरांचा आणि आकृत्यांचा रंग काळ्याऐवजी मध्यम निळा करा. फार गडद नको, नाहीतर मशीन त्यात काळा मिसळतं. तुमचे तिन्ही रंग ठीक आहेत, उद्याच पानं निघतील. दुसरं म्हणजे कागदाच्या प्रकारात साध्याऐवजी फोटो पेपर निवडलात तर बरीच मशीन पिगमेंटचा काळा न वापरता तीन रंग मिसळून काळा करतात. पण त्यात शाई जास्त जाते, म्हणून निळाच बरा.

पडवीतली_शाळा

निळाई, काल रात्री सगळी फाइल निळी केली आणि सकाळी ५६ पानं काढली. शिरोरेषा सलग आहेत. मुलांना निळा रंग इतका आवडला की दोघांनी पुढची परीक्षापण अशीच हवी म्हणून सांगितलं. तुमचे मनापासून आभार.

दादा, तुमची कृती आज संध्याकाळी करते. ह्यांना गॅरेजमध्ये पाठवलंय.

सिडनीची_सर

थोडं वेगळं सांगते, इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. सगळ्या इंकजेटची हेडं सारखी नसतात. एचपी आणि कॅनन शाईला क्षणभर तापवून बुडबुडा करतात, तो थेंब बाहेर ढकलतो. एप्सन आणि ब्रदर विजेने वाकणारा पिझो स्फटिक वापरतात. छोट्या काडतुसांच्या (शाईच्या कार्ट्रिजच्या) अनेक प्रिंटरमध्ये हेड काडतुसावरच असतं, म्हणजे नवं काडतूस घातलं की हेडही नवं. बुडबुड्याच्या हेडात मात्र शाई संपलेली असताना छापत राहू नका. शाईच त्याला थंड ठेवते, कोरडं चाललं तर आतला तापणारा भाग जळतो. आपलं मशीन यातलं कुठलं ते बघून मगच वरची कृती करा.

पडवीतली_शाळा

दोन दिवसांनी लिहितेय. कॅपच्या उजव्या काठावर काळा खडा होता, तांदळाच्या कणीएवढा. चार वेळा पाणी घातल्यावर सुटला. नातवाच्या औषधाचा ड्रॉपर माझ्याबरोबरच आला होता, तो कामी आला. रात्रभर ठेवलं. सकाळच्या नोझल चेकमध्ये अर्धी जाळी दिसली. एका क्लीनिंगनंतर चारच रेघा तुटक राहिल्या! दादा, मी पान हातात घेऊन ह्यांना अंगणात दाखवायला गेले.

आता दोन प्रश्न. या चार रेघांसाठी आणखी एक क्लीनिंग करू का? मेनूमध्ये पॉवर क्लीनिंग असंही काहीतरी दिसतं. आणि पावसाची हवा लागून कागद एकाला एक चिकटतात, दोन-दोन पानं एकदम आत जातात, त्याचं काय करू?

रंकाळ्याकाठी

वा ताई! चार रेघा कायम त्याच आहेत का ते बघा. त्याच असतील तर आता उरलंय ते खरं बुजलेलं. आज काही करू नका. बारा तासांनी एक साधं क्लीनिंग, मग दोन-तीन दिवस नेहमीची पानं काढा. वाहत्या शाईने बऱ्याचदा आपोआप सुटतं. पॉवर क्लीनिंग नळ्यांमधली सगळी शाई ओढतं. ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा, आणि करायचंच झालं तर टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या हव्यात, नाहीतर नळीत नवी हवा जाईल.

कागद ट्रेमध्ये ठेवून देऊ नका. लागतील तेवढेच घाला, उरलेलं रीम त्याच्याच वेष्टनात गुंडाळून प्लास्टिकच्या डब्यात बंद. घालण्यापूर्वी गठ्ठा चारी कडांनी फुलवून घ्या. ७० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं वजन ७० ग्रॅम) कागद वापरत असाल तर पावसापुरता ७५ किंवा ८० घ्या, पातळ कागद दमट हवेत लवकर वाकतो.

विजा सुरू झाल्या की आधी मशीनचं बटण, दिवा लुकलुकायचा थांबला की मग बोर्ड. आणि बाहेरगावी जाल तेव्हा घरच्यांना सांगून ठेवा, आठवड्यातून एकदा चारही रंगांचं एक पान काढायचं.

पडवीतली_शाळा

सांगून ठेवलं. ह्यांनी स्वतःच कॅलेंडरवर दर रविवारी "प्रिंटर" असं लिहिलंय.

आज सकाळचं नोझल चेक: दोन रेघा तुटक, कालच्या चारपैकीच दोन. मजकुरात काही जाणवत नाही, घ आणि ध वेगळे दिसतात. सहा हजारांचं हेड तूर्तास वाचलं. त्या पैशांतून मुलांसाठी रीम घेऊन ठेवते. शनिवारी पूर्ण सराव परीक्षा आहे, दोन्ही पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न. त्यानंतरचं नोझल चेकचं पान स्कॅन करून इथे टाकते.