अटलांटाचं सुवर्ण विसरू नका

कुणीतरी लिहिलंय की दक्षिण कोरियाचा बॅडमिंटनपटू किम डोंग-मून याच्या नशिबात मिश्र दुहेरीचं ऑलिंपिक सुवर्ण नव्हतंच. त्याची नंतरची जोडीदार रा क्युंग-मिन हिच्यासोबत नव्हतं, हे बरोबर. १९९९ आणि २००३ साली जगज्जेते झालेली ही जोडी सिडनीत आणि अथेन्समध्येही उपांत्यपूर्व फेरीतच गारद झाली. पण किमकडे मिश्र दुहेरीचं सुवर्ण आहे की! १९९६, अटलांटा. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच खेळवला गेला, तेव्हा तो गिल यंग-आसोबत उतरला होता. आणि अंतिम सामन्यात समोर कोण? दिग्गज पार्क जू-बोंग आणि हीच रा क्युंग-मिन! पहिला गेम हरून किम-गिलने पुढचे दोन काढले. तिसरा तर १५-१२, म्हणजे अगदी घासून.

म्हणजे राच्या हातचं सुवर्ण किमनेच हिसकावलं, मग तिच्याच जोडीने दोन ऑलिंपिकं रिकाम्या हाताने परतला, आणि २००५ मध्ये तिच्याशीच लग्न केलं. घरात या सामन्याचा विषय निघत असेल का, देव जाणे. अथेन्समध्ये त्याला हा ते-क्वोन नावाच्या जोडीदारासोबत पुरुष दुहेरीचं सुवर्ण मिळालं, ते वेगळंच.